एका हाकेला ओ

हे गेले, त्यानंतरच्या उन्हाळ्यात मला घरात हाक ऐकू यायला लागली. वेळ दुपारची, वारा सुटायच्या सुमाराची. मी ओट्याशी असायची, नाहीतर पेपर तपासत पडवीत, आणि मागच्या दाराकडून "अगो" अशी हाक यायची. ह्यांचीच. पुढे काहीतरी विचारायचं आहे, पण आधी तू आहेस कुठे ते कळू दे, अशा सुरातली. उभ्या संसारात त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. कागदोपत्री काहीही असो, घरात माझं नाव अगो.

हाक एकदाच यायची. दुसरी कधी आली नाही.

याचा नियम आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतो. एका हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर दुसऱ्यांदा मारील, तिसऱ्यांदा मारील. ते असेल तर एकदाच मारतं. 'ते' म्हणजे काय, असं विचारायचं नसतं. माझ्या सासूबाई नाटे गावच्या. तिन्हीसांजेला शेजारीण वाटी घेऊन दारात उभी राहिली, तरी तिसऱ्या हाकेपर्यंत त्या ढिम्म हलायच्या नाहीत. शेजारीणही बिचारी न रागावता तीनदा ओरडायची, कारण तिच्या घरी जाऊन आम्हीही तेच करायचो.

मी हायस्कुलात भूगोल शिकवते. खारे वारे आणि मतलई वारे यांचे इतके बाण मी फळ्यावर काढलेत की झोपेतही काढीन. दुपारी जमीन तापते, समुद्रावरचा वारा आत येतो, मागच्या दाराची कडी हलते, बिजागरी कुरकुरते, आणि एकट्या बाईला त्यात हाक ऐकू येते. मुलांना समजावते तसं मी हे स्वतःला नीट समजावलं. तरी हाक आली की माझे ओठ मिटलेले. भुताखेतांना हसणारी मी, पण ओ काही तोंडातून निघत नव्हती. नुसती उभी राहायची, हातातलं काम तसंच, आणि दुसऱ्या हाकेची वाट बघायची. देवाशपथ सांगते, ती यावी म्हणून जीव तुटायचा.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. मुलीला सांगितलं असतं तर तिने दुसऱ्या दिवशी मला मुंबईला नेऊन डॉक्टरपुढे बसवलं असतं. आळीत सांगितलं असतं तर माझ्यावरून नारळ उतरवायला रांग लागली असती. त्या दिवसांत मला सगळ्यांचाच राग यायचा. "काळ हेच औषध" म्हणणाऱ्यांचा जास्त. औषध असेल तर किती वेळा, जेवणाआधी की जेवणानंतर, तेही सांगा की मेल्यांनो, असं ओठावर यायचं. मी चहा द्यायची.

आमच्या शेजारच्या घरात सरकारी दवाखान्यातली एक नर्स राहते. सगळे तिला सिस्टरच म्हणतात. चाळिशीची, एकटी, खणखणीत. रविवारी दुपारी ती पाठीवर स्वतःपेक्षा मोठं बोचकं बांधून स्कूटरवरून निघायची. मला बरेच दिवस वाटायचं, ही सुट्टीच्या दिवशी गाद्या विकते की काय. एका रविवारी ती माझ्या फाटकाशी थांबली आणि म्हणाली, "बाई, चला माज्यासंगती. कायपण करू नका. नुसत्या बसा." मी नाही म्हणणार होते. पण वारा सुटायची वेळ झाली होती, आणि आज त्या मागच्या दाराशी उभं राहण्यापेक्षा कुठेही जावं असं वाटलं. मी चपला घातल्या.

पावस गावाच्या पुढे समुद्रावर एक सडा आहे. मैलभर काळा कातळ, मधेमधे करवंदीच्या जाळ्या, आणि मग काही न सांगता एकदम कडा. खाली वाळूची पुळण आणि पाणी. दुपारचा वारा समुद्रावरून येतो, त्या कड्यावर आपटतो आणि वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यावर ही माणसं कापडी छत्री लावून तरंगायची. पॅराग्लायडिंग. विमानातून उड्या मारणारे लोक मी टीव्हीवर पाहिले होते, आणि त्यांना खायला कमी पडत नसावं असं माझं मत होतं. इथे विमान नव्हतं. इथे कड्याच्या दिशेने सरळ पळत सुटायचं होतं.

मंडळी पाचसहाच. पावसचे एक म्हातारे बागायतदार, एक बँकेतला कारकून, भाट्ये गावचा एक गॅरेजवाला, सिस्टर, आणि त्यांना शिकवणारा मास्तर, जो घाटावरचा, साताऱ्याकडचा. सड्यावर कुणी कुणाला नावाने हाक मारत नसे. एवढ्या मोकळ्या जागेत नाव सोडलं की ते कोण उचलील सांगता येत नाही, असं बागायतदारांचं म्हणणं. म्हणून मास्तर, सिस्टर, आणि बागायतदार ते काका. मी आपोआप बाई झाले.

उडण्याआधी काका कड्याजवळच्या राखणदाराच्या दगडापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे. "हे जागेवाल्या महाराजा, ही तुझी पोरं तुझ्या अंगणातनं वर जातायत. जशी जातील तशी खालती आण रे महाराजा." बाकीचे एका आवाजात म्हणायचे, "होय महाराजा." पहिल्या दिवशी मी लांब बसले होते. माझ्याही तोंडून "होय महाराजा" निघालं, आणि इतक्या महिन्यांत मी कुणाच्या सुरात सूर मिसळला नव्हता हे त्याच वेळी कळलं. मी करवंदं शोधायला उठले.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी मास्तराने मला पुढे बांधून घेतलं. दोघांची मोठी छत्री होती. म्हणाला, "पळा." मी पळाले. कातळ संपला आणि माझे पाय तसेच हवेत पळत राहिले. माझ्या तोंडून एक अशी शिवी बाहेर पडली, जी बसस्टँडवर ऐकली होती पण आयुष्यात उच्चारली नव्हती. मग पट्टे ताणले गेले, खालून कुणीतरी उचलून कडेवर घ्यावं तसा वारा लागला, आणि मी रडले. दुःखाने नव्हे. हे गेल्यापासून माझं अंग लाकडासारखं झालं होतं, आणि आता त्याला थंडी वाजत होती, भीती वाटत होती. मी आहे, एवढं मला त्या वेळी कळलं. उत्तरेला हवेत भाट्याची सुरूची रांग पुसट दिसत होती. तिथल्याच खाडीच्या तोंडाशी आम्ही ह्यांच्या अस्थी सोडल्या होत्या. मी त्या बाजूला फार वेळ बघितलं नाही.

वर एक चमत्कारिक गोष्ट असते. आवाज वर येतात. खाली माणूस मुंगीएवढा दिसतो, पण त्याचं खाकरणं कानाशी ऐकू येतं. कुकरची शिट्टी, कुत्र्याचं भुंकणं, विहिरीवरची बादली, सगळं येतं, आणि कुठून येतं ते कळत नाही. पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला. मग लक्षात आलं की या सगळ्यात ती एक हाक नाही. मला तेवढी जागा पुरेशी होती. पुढच्या वर्षी मी एकटी उडायला लागले. मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं रेंज गेली.

सगळ्यांच्या छातीवर एकेक वॉकीटॉकी बांधलेला असायचा, आणि त्यावरून आमची मास्तराशी चांगलीच जुंपली होती. तो खालून एकदा हाक मारायचा आणि वरून कुणी ओ द्यायचंच नाही. सगळे दुसऱ्या हाकेची वाट बघत. तो भडकला. "एकदा बोलावलं की एकदा ओ द्या, एवढं सोपं हाय. तुमच्या कोकणातली भुतं वॉकीटॉकीवर बोलत्यात व्हय?" काका शांतपणे म्हणाले, "बोलत नसतील कशावरनं?" बँकेतल्या कारकुनाने मान हलवली. मास्तराने माझ्याकडे पाहिलं, भूगोलाची बाई तरी शहाण्यासारखं बोलेल या आशेने. मी खाली बघितलं. शेवटी त्यानेच हार मानली. ठरलं की सड्यावर प्रत्येक हाक तीनदा मारायची. बाई, बाई, बाई. सिस्टर, सिस्टर, सिस्टर. आमचं चालू झालं की मास्तर कपाळाला हात लावायचा, पण आमचे जीव थाऱ्यावर असायचे.

उडून झाल्यावर आम्ही कातळावर गोल बसायचो. सिस्टर घावणे आणायची, काका बागेतलं काहीबाही. कुणी माझं सांत्वन करत नसे. "बाई, आज उजवीकडे वळताना तुमी घाबरलात," एवढंच. घरी मात्र दुपारी हाक येतच होती. सुट्टीच्या दिवशी सड्यावर, इतर दिवशी मागच्या दाराकडे तोंड करून उभी, असं माझं आयुष्य दोन ठिकाणी चाललं होतं.

मग तो मे महिन्याच्या अखेरचा दिवस आला. बागांतला शेवटचा आंबा उतरला होता. अशा दिवसांत समुद्रावर कधीकधी कमी उंचीवरचे ढग येतात. आम्ही नुसते बघत होतो, उडावं की नाही. आकाश मोकळं होतं तोवर सिस्टर वर गेली. मास्तर नेहमीप्रमाणे तिला उतरवून घ्यायला खाली पुळणीवर उतरला होता. तिथून कड्याच्या आड त्याचा वॉकीटॉकी आमच्यापर्यंत पोचायचा नाही. वरती सड्यावर मी, काका, कारकून आणि गॅरेजवाला.

ढग आला तो वरून नाही, समोरून आला. पाण्याला लागून, आवाज न करता. मी वर्षानुवर्षं ढगांचे प्रकार शिकवते, पण त्या दिवशी मला एकाचंही नाव आठवलं नाही. आधी क्षितिज गेलं. मग एक मचवा दिसत होता तो गेला. मग सिस्टरची लाल छत्री एकदा फिकी झाली, गुलाबी झाली, आणि नाहीशी झाली. ढग कड्याला लागला आणि आमच्या अंगावरून वर चढला. काका माझ्यापासून हातभर अंतरावर होते, ते मला धुरातल्यासारखे दिसत होते. वाऱ्याचा आवाजही कमी झाला.

तेवढ्यात माझ्या छातीवरचा वॉकीटॉकी खरखरला आणि त्यातून आवाज आला, "बाई."

एकदाच.

माझा हात बटणावर गेला आणि तिथेच थांबला. बाकीचे तिघे माझ्याकडे बघत होते. आवाज सिस्टरचा होता, की तसा होता. काका हळू म्हणाले, "थांबा. दुसरी येवंदे." आणि आम्ही थांबलो. चार मोठी माणसं, एक बँकेत, एक शाळेत, आमची एक मैत्रीण ढगात अडकलेली, आणि आम्ही दुसऱ्या हाकेची वाट बघत उभे. हे कुणा बाहेरच्याला सांगितलं तर तो वेड्यात काढील. पण ज्याचं बालपण इथे गेलंय त्याला विचारा, ओ देणं म्हणजे काय ते. ओ दिली की आपण आपलं ठिकाण सांगतो. मग जे हाक मारतं, त्याला आपल्याकडे यायची वाट मिळते.

वॉकीटॉकी गप्प होता. ढग तोंडात जात होता, खारट लागत होता. आणि मला घरातला मागचा दरवाजा दिसला. दोन उन्हाळे मी तिथे अशीच उभी होते. एकदाच हाक मारतो तो माणूस नव्हे, हे मला कुणी शिकवलं होतं? आणि ज्याला दुसऱ्यांदा मारताच येत नसेल त्याचं काय? त्याच्याजवळ एका हाकेपुरताच श्वास असेल, एकदाच हात मोकळा होत असेल, तर त्याने काय करावं? मला भयंकर राग आला, सासूबाईंचा, काकांचा, स्वतःचा. मी बटण दाबलं आणि ओरडले, "ओ! ओ, सिस्टर, ओ!"

उत्तर आलं नाही. काकांनी डोळे मिटून घेतले होते. मी वॉकीटॉकी सोडला आणि कड्याकडे धावले. आवाज वर जातात हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी कड्यावर उभी राहून ढगात ओरडले, "ओ!" गॅरेजवाला माझ्या शेजारी आला, मग कारकून, आणि शेवटी काका. म्हातारा माणूस, पण त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा निघाला. आम्ही ओळीने उभे राहून, समोर काही दिसत नसताना, नुसते ओ देत होतो. घसे फाटले. अशी किती वेळ ओ देत होतो ते मला ठाऊक नाही. मग आमच्या डोक्यावरून कापड फडफडल्याचा आवाज गेला, मागे करवंदीच्या जाळीत काहीतरी धाडकन आदळलं, आणि सिस्टरची सणसणीत शिवी ऐकू आली. तेवढा गोड शब्द मी आयुष्यात ऐकलेला नाही.

ओरबाडून निघाली होती, पण धड होती. आम्ही तिला कातळावर बसवलं. मास्तर धापा टाकत वर आला आणि सगळ्यांना शिव्या देऊन मग रडला. ढग निघून गेला होता, ऊन पडलं होतं, आणि एवढ्या उन्हात सिस्टर कुडकुडत होती.

"एकदाच हाक मारलीत?" काकांनी विचारलं. त्यांना ते टोचत होतं.

"हात सुटत नव्हता काका. बटनाला हात लावला नि छत्री एका अंगाला गेली. दुसऱ्यांदा लावायची छाती झाली नाय." मग ती माझ्याकडे वळली. "वॉकीटॉकीवर तुमची ओ आली. पन दिशा कुठनं कळनार? समुद्र कुठं, कडा कुठं, कायपन समजत नव्हतं. मग तुमी सगळे ओरडायला लागलात, ते एका अंगाला. आनि दुसऱ्या अंगाला एकानंच हाक मारलीन. अगदी जवळनं. खालनं नाय बाई, बाजूनं. माज्याच उंचीवरनं. एकदाच मारलीन, म्हनून मी तिकडे वळल्येच नाय. तिकडे समुद्र होता."

गॅरेजवाल्याने समुद्राकडे बघितलं आणि पुन्हा नजर खाली घेतली.

"काय म्हणून मारलीन?" मी विचारलं.

"ती मला नव्हतीच बाई. कुनीतरी घरच्या बायकोला मारावी तशी होती. अगो, म्हनालान. नुसतं अगो."

मी कातळावर हात टेकले. मला आधी भीती वाटली, आणि तिच्या पाठोपाठ, खोटं का सांगू, मत्सर वाटला. ती माझी हाक होती आणि ती दुसरीने ऐकली होती. मग मी सगळं सांगितलं. मागचं दार, दुपार, दोन उन्हाळे. पहिल्यांदाच, मोठ्याने, चार माणसांत. कुणी हसलं नाही. कुणी नारळाचं नाव काढलं नाही.

सिस्टरने विचारलं, "मग दोन उन्हाळे ओ का नाय दिलीत? भ्यालात?"

"भ्याले."

"त्यास्नी?"

"नाही," मी म्हणाले, आणि बोलता बोलताच मला ते कळलं. "ओ दिली आणि पुढे काहीच आलं नाही तर? मग हाकही गेली असती."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडवीत बसले होते. सिस्टर ड्युटीवरून परस्पर माझ्याकडे आली, हातापायावर पट्ट्या, आणि मी बोलावलं नसताना पाट घेऊन समोर बसली. बरोबर कोलंबी आणली होती, ती सोलायला घेतली. वारा सुटला. मागच्या दाराची कडी हलली.

"अगो."

सिस्टरचे हात थांबले. तिने मान वर केली नाही, पण कोलंबी तिच्या बोटांत तशीच राहिली.

मी दाराकडे तोंड केलं आणि म्हणाले, "ओ."